चित्र, चिन्ह आणि अक्षर : कांजीतील प्राणी आणि वारली चौक

१

चित्रापासून लिपी निर्माण झाली, हे विधान लिपीच्या इतिहासावरील बहुतेक पुस्तकांत आढळते आणि त्याचा पुरावा म्हणून जपानी कांजीतील प्राणिवाचक अक्षरे हमखास पुढे केली जातात. घोडा, मासा, पक्षी, हरिण, हत्ती, कासव यांची आजची अक्षरे आणि त्यांच्या मूळ आकृती शेजारी-शेजारी मांडल्या, की आयाळीच्या रेषा कोठे गेल्या, शेपटीचे काय झाले, हे वाचकाला दिसू लागते. चित्रातून अक्षर उमलताना पाहिल्याचा आनंद त्यात असतो. महाराष्ट्रात याच विधानाची उलट बाजू प्रचलित आहे. उत्तर कोकणातील वारली चित्रांविषयी लिहिताना ती एका निरक्षर समाजाची 'चित्रलिपी' असल्याचे गौरवाने म्हटले जाते. पहिल्या विधानानुसार कांजी हे मूलतः चित्र आहे. दुसऱ्यानुसार वारली चित्र ही मूलतः लिपी आहे. दोन्ही विधाने साम्य हाच चित्र आणि लेखन यांना जोडणारा दुवा मानतात. प्रस्तुत निबंधाचा विषय हा गृहीत दुवा आहे.

पश्चिम रेल्वेवर पालघर आणि बोईसर यांच्या मधल्या उमरोळी या लहान स्थानकाचा परिसर या तपासणीसाठी योग्य भूमी ठरतो. येथून पश्चिमेच्या बाजूला बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आणि १९६९ साली सुरू झालेले तारापूर अणुऊर्जा केंद्र आहे; पूर्वेला डोंगरांच्या दिशेने वारल्यांचे पाडे पसरले आहेत. फलक, परवाने, हजेरीपत्रके आणि सातबारा यांचे लिखित जग एकीकडे आहे. दुसरीकडे गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने उमटणारा लग्नचौक आहे. तो काढणाऱ्या सवाशिणींच्या क्रियेला वारली बोलीत 'लिहिणे' असेच म्हणतात. चौक काढला जात नाही, तो लिहिला जातो. एकाच मुलखात एकाच क्रियापदाचे दोन व्यवहार शेजारी-शेजारी नांदत असतील, तर चित्र आणि अक्षर यांची सीमारेषा नेमकी कोठे आहे, हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही.

२

कांजीचा इतिहास जपानमध्ये सुरू होत नाही. आज ज्ञात असलेल्या चिनी लेखनाचा सर्वांत जुना मोठा साठा शांग राजवंशाच्या उत्तरकाळातील, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे १२५० ते १०५० या दोन शतकांतील आहे. १८९९ साली वांग यीरोंग या विद्वान अधिकाऱ्याच्या नजरेस औषधी म्हणून विकली जाणारी कोरीव हाडे आली, असे परंपरा सांगते. १९२८ ते १९३७ या काळात आनयांग येथे झालेल्या उत्खननांनी या लेखांचे मूळ स्थान शास्त्रीयदृष्ट्या प्रस्थापित केले. हे लेख बैलांच्या खांद्याच्या हाडांवर आणि कासवांच्या पोटाकडील कवचांवर कोरलेले आहेत. हाड तापवून त्यावर पडणाऱ्या भेगांवरून राजासाठी शकुन पाहिला जाई आणि विचारलेला प्रश्न त्याच हाडावर कोरला जाई. प्राण्यांची सर्वांत जुनी अक्षरे अशी प्राण्यांच्याच अवशेषांवर आढळतात.

या अक्षरांतील प्राणी विलक्षण जिवंत आहेत. हत्तीची सोंड, वाघाचा उघडा जबडा, हरणाची फाटे फुटलेली शिंगे, माशाच्या अंगावरील खवले एका दृष्टिक्षेपात ओळखू येतात. बैल आणि मेंढी यांच्या बाबतीत मात्र पूर्ण शरीर नाही. समोरून दिसणारे डोके आणि शिंगांची ठेवण एवढ्यावर भागवले आहे. वर वळलेली शिंगे म्हणजे बैल, खाली वळलेली म्हणजे मेंढी. येथेच एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. बैलाचे अक्षर ओळखण्यासाठी बैल पाहिलेला असणे पुरेसे नाही. मेंढीच्या अक्षराहून ते कशाने वेगळे आहे, हे ठाऊक असावे लागते. चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांशी असलेल्या भेदातून निर्माण होते, हे सोस्यूरचे प्रतिपादन या अत्यंत चित्रमय वाटणाऱ्या अवस्थेतही लागू पडते.

दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. या लेखांतील घोडा, वाघ, हत्ती, कुत्रा आणि डुक्कर चार पायांवर उभे नाहीत. त्यांना नव्वद अंशांत फिरवून उभे केलेले आहे: डोके वर, शेपटी खाली आणि पाय बाजूला. मजकूर उभ्या ओळींत वरून खाली लिहिला जात असल्याने आडव्या अंगाचे प्राणी ओळीच्या रुंदीत बसवण्यासाठी असे केले गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कोणीही चित्रकार घोडा शेपटीवर उभा करणार नाही. या अक्षरांना आकार देणाऱ्यांनी ते केले, कारण त्यांच्या लेखी प्राण्याच्या शरीरापेक्षा ओळीची शिस्त वरचढ होती. चित्राला अक्षर करणारी पहिली कृती सुलभीकरणाची नव्हती. ती या वळवण्याची होती.

पुढे कुंचल्याचा वापर वाढला आणि छिन व हान राजवटींच्या काळात कारकुनी वळणाची लिपी रूढ झाली. वक्ररेषा सरळ झाल्या, वर्तुळे चौकोनी झाली. घोड्याच्या आजच्या अक्षराखाली चार ठिपके आहेत, ते त्याचे पाय समजले जातात. माशाच्या अक्षराखालीही तसेच चार ठिपके आहेत, पण तेथे ती शेपटी आहे. पक्ष्याच्या अक्षराखाली तेच ठिपके पंजे किंवा पिसे होतात आणि 'उष्ण' या अर्थाच्या अक्षराखाली ते जाळ होतात. पाय, शेपूट, पिसे आणि ज्वाला यांच्यात डोळ्यांना जाणवेल असे कोणतेही साम्य नाही. त्यांना एकरूप केले ते हाताच्या सवयीने आणि लेखनाच्या वेगाने.

इसवी सन १०० च्या सुमारास शू शेन याने 'श्वोवेन ज्येझी' हा कोश रचला. ९,३५३ अक्षरांची ५४० गटांत विभागणी करून त्याने अक्षररचनेची सहा तत्त्वे सांगितली. त्यांपैकी 'वस्तूच्या आकाराचे अनुकरण' हे एकच तत्त्व शुद्ध चित्राचे आहे आणि त्यात मोडणारी अक्षरे थोडी आहेत. बहुसंख्य अक्षरे एक अंश अर्थसूचक व एक अंश ध्वनिसूचक अशी जोडून घडवलेली आहेत. प्राण्यांची नावेही याला अपवाद नाहीत. मांजराच्या कांजीत डावीकडे संक्षिप्त कुत्रा आहे आणि उजवीकडे 'रोप' या अर्थाचे अक्षर आहे. मांजराचा रोपाशी काही संबंध नाही. रोपाच्या अक्षराचा उच्चार मांजराच्या चिनी नावाशी जुळतो, एवढेच. देवमाशाच्या अक्षरात माशाच्या शेजारी 'राजधानी' बसली आहे, तीही उच्चारापुरती. कोल्हा, लांडगा, माकड यांच्या अंगात कुत्रा शिरला आहे, तर बेडूक, साप, कोळंबी, वटवाघूळ यांच्या अंगात मूळचा साप असलेले आणि पुढे कीटकाच्या अर्थाने रूढ झालेले अक्षर आहे. चित्रांचा हा संग्रह आता प्राण्यांचे वर्गीकरण झाला आहे आणि त्या वर्गीकरणाची दुसरी बाजू ध्वनीला बांधलेली आहे.

३

हे सर्व घडून गेल्यानंतर ही लिपी जपानमध्ये पोहोचली. इनारियामा येथील तलवारीवरील लेख बहुतेक अभ्यासकांच्या मते इसवी सन ४७१ चा आहे आणि त्यात जपानी व्यक्तिनामे चिनी अक्षरांनी ध्वनीप्रमाणे लिहिली आहेत. जपानी भाषा चिनीहून सर्वस्वी भिन्न कुळातील असल्यामुळे बहुतेक अक्षरांना दोन प्रकारची वाचने चिकटली. घोड्याचे अक्षर चिनीवरून आलेल्या उच्चाराने 'बा' असे वाचले जाते आणि देशी शब्दाने 'उमा' असे.

जपानी वाचकाच्या दृष्टीने कांजीतील प्राण्यांचे 'दृश्य मूळ' हे अशा रीतीने परक्या डोळ्यांनी पाहिलेले मूळ आहे. ऐतिहासिक काळात जपानमध्ये वाघ नव्हता आणि हत्तीही नव्हता. जपानच्या किनाऱ्यावर जिवंत हत्ती उतरल्याची प्रसिद्ध नोंद १४०८ सालची आहे. त्याआधी कित्येक शतके त्याचे अक्षर सूत्रांतून आणि राजकीय कागदांतून वाचले जात होते. अठराव्या शतकातील मारुयामा ओक्यो या थोर चित्रकाराला वाघ रंगवण्यासाठी वाघाच्या कातड्याचा आधार घ्यावा लागला. वाघाचे अक्षर जपानमध्ये वाघाच्या आधी आले. साम्य हाच कांजीच्या अर्थाचा आधार असता, तर ही अक्षरे जपानमध्ये वाचलीच गेली नसती.

हत्तीच्या अक्षराला याहूनही अर्थपूर्ण इतिहास आहे. हेच अक्षर 'प्रतिमा, आकार, भास' या अर्थानेही वापरले जाते आणि 'वस्तूच्या आकाराचे अनुकरण' या तत्त्वाच्या चिनी नावातही तेच आहे. अर्थाच्या या विस्ताराचे स्पष्टीकरण इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील हान फेई याने लाओझीवरील आपल्या भाष्यात दिले आहे. लोकांना जिवंत हत्ती क्वचितच दिसतो. म्हणून ते मेलेल्या हत्तीची हाडे मिळवतात आणि त्यांवरून जिवंत हत्तीचे रूप मनात उभे करतात. यामुळे मनाने कल्पिलेल्या प्रत्येक रूपाला 'हत्ती' हाच शब्द लागू झाला, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. आजच्या भाषाशास्त्राच्या कसोटीवर ही व्युत्पत्ती टिकेलच असे नाही. परंतु शांगकाळी उत्तर चीनमध्ये हत्ती वावरत होते आणि हान फेईच्या काळापर्यंत ते तेथून हटले होते, हे ध्यानात घेतले तर या स्पष्टीकरणातील अंतर्दृष्टी जाणवते. पाहिलेल्या वस्तूची नक्कल म्हणजे प्रतिमा, असे हान फेई मानीत नाही. जे समोर नाही ते उरलेल्या खुणांवरून पुन्हा उभे करणे, हा त्याच्या दृष्टीने प्रतिमेचा व्यापार आहे.

आठव्या शतकात संकलित झालेल्या, सुमारे साडेचार हजार कवितांच्या 'मान्योशू' या संग्रहात प्राण्यांच्या अक्षरांचे आणखी एक विचक्षण रूप भेटते. तेथे जपानी शब्द लिहिण्यासाठी कांजी कित्येकदा केवळ ध्वनीसाठी वापरली आहे. बाराव्या खंडातील एका प्रेमकवितेत मनाची घुसमट सांगणारा शब्द लिहिताना 'इ' या ध्वनीसाठी 'घोड्याचा आवाज' आणि 'बु' या ध्वनीसाठी 'मधमाशीचा गुणगुणाट' अशा अर्थाची अक्षरे योजली आहेत. पुढे त्याच ओळीत कोळी आणि हरिणही उच्चारापुरते येऊन जातात. ओळीच्या अर्थाशी यांतील एकाही प्राण्याचा संबंध नाही. डोळ्यांसमोर प्राण्यांचा मेळा आणि कानावर विरही प्रियकराची तक्रार, अशी ही गंमत आहे. लिहिणाऱ्याला अक्षरांतील प्राणी पुरते ठाऊक होते, म्हणूनच त्यांना बाजूला सारण्याचा खेळ त्याला खेळता आला.

४

विसाव्या शतकातील पाश्चात्त्य वाङ्मयविचाराने या वस्तुस्थितीकडे फारसे लक्ष दिले नाही. १८७८ पासून टोकिओत अध्यापन करणाऱ्या अर्नेस्ट फेनोलोसा यांची टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर एझ्रा पाउंड यांनी १९१९ साली प्रसिद्ध केली. चिनी अक्षर ही निसर्गातील क्रियांची चालती चित्रे आहेत, असा त्यांचा दावा होता. 'माणूस घोडा पाहतो' या अर्थाची तीन अक्षरे घेऊन तिन्हींना पाय आहेत, म्हणून ती जिवंत आहेत, असे त्यांनी दाखवले. प्रतिमावादी कवितेला या दाव्याने मोठे बळ दिले आणि १९६७ साली देरिदा यांनीही 'ऑफ ग्रॅमॅटॉलॉजी'मध्ये पाश्चात्त्य ध्वनिकेंद्री परंपरेला गेलेला पहिला तडा म्हणून पाउंड-फेनोलोसा यांच्या काव्यविचाराचा उल्लेख केला. तथापि चिनी वाचक घोड्याचे अक्षर वाचताना पाय मोजत नाही. १९३० च्या दशकात क्रील आणि बूडबर्ग यांच्यात याच मुद्द्यावर वाद झडला होता आणि १९८४ साली जॉन डीफ्रान्सिस यांनी चिनी लेखन भाषेला, आणि मुख्यतः तिच्या ध्वनीला, बांधलेले आहे हे पुन्हा ठामपणे मांडले. कवितेला उपकारक ठरलेला गैरसमज, असे फेनोलोसांच्या निबंधाचे वर्णन करावे लागते.

जपानमध्ये या वादाचे स्वरूप अधिक सूक्ष्म आहे. 'घर' या अर्थाच्या कांजीत छपराखाली डुक्कर आहे. छपराखाली डुक्कर असणे म्हणजे घर कसे? शू शेन याच्या मते ते डुक्कर अर्थासाठी नाहीच. एका दुसऱ्या अक्षराचा तो संक्षेप असून ध्वनिसूचक म्हणून आला आहे. सामान्य समजुतीनुसार माणसे आणि पाळीव जनावरे एका आढ्याखाली राहत, म्हणून ते घर. शिराकावा शिझुका (१९१०–२००६) यांनी या प्राण्याला यज्ञात बळी दिलेला कुत्रा मानले. घराच्या पायात पुरलेल्या बळीची ती खूण आहे, असे त्यांचे म्हणणे. शिराकावांच्या व्युत्पत्तिशास्त्रात कांजीतील प्राणी बहुधा विधीतील प्राणी असतात. याउलट तोदो आकियासू (१९१५–१९८५) यांनी समान ध्वनी असलेल्या शब्दांची कुळे आधी मांडावीत आणि आकृतीचा अर्थ त्यानंतर लावावा, असा आग्रह धरला. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या शिराकावांच्या 'कांजी' या पुस्तकावर त्यांनी कठोर टीका केली. छपराखालचा एकच प्राणी; तो कोणाला ध्वनी वाटतो, कोणाला गोठा, कोणाला बळी. आकृती डोळ्यांसमोर असूनही तिचा अर्थ डोळ्यांनी ठरत नाही. तो अभ्यासकाने मान्य केलेल्या संदर्भव्यवस्थेतून ठरतो. समीक्षेच्या अभ्यासकाला ही परिस्थिती अपरिचित वाटू नये.

५

या पार्श्वभूमीवर वारली चौकाकडे वळता येते. कांजी आणि वारली चित्र यांची प्रत्यक्ष गाठही पडलेली आहे. हासेगावा तोकिओ यांनी १९८२ साली जपानमधील निइगाता प्रांतात तोकामाची येथे स्थापन केलेल्या मिथिला संग्रहालयात बिहारच्या मधुबनी चित्रांबरोबर वारली चित्रांचाही मोठा संग्रह आहे आणि डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे यांच्यासह काही वारली चित्रकारांनी तेथे राहून काम केले आहे. तथापि ज्या चित्रांना 'लिपी' म्हटले जाते, ती कागदावरची ही चित्रे आणि भिंतीवरचा चौक यांत आधी फरक केला पाहिजे.

चौक हे विवाहविधीचे अंग आहे. तो सवाशिणी लिहितात आणि विवाहाची गाणी गाणारी धवलेरी विधीची सूत्रे सांभाळते. मध्यभागी नक्षीच्या चौकटीत पालघाट देवी असते. शेजारच्या लहान देवचौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या असतो. भोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी, बाशिंग, झाडे येतात. बारीक केलेल्या बांबूच्या काडीने आणि पांढऱ्या पिठाने हे सारे रेखले जाते. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने या पाड्यांत कागद आणि रंग नेले. त्याच कुलकर्णींना त्याआधी, १९६० च्या दशकातील दुष्काळात, मधुबनीच्या स्त्रियांपर्यंत कागद पोहोचवण्याच्या कामावर पाठवण्यात आले होते. भिंतीवरून कागदावर येताना वारली चित्र स्त्रियांच्या हातून मोठ्या प्रमाणावर पुरुषांच्या हाती गेले. १९७६ साली म्हसे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ साली पॅरिसच्या 'मॅजिशियन्स ऑफ द अर्थ' या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मोर, माकडे, मुंग्या, गुरे, मासे यांनी गजबजलेली जी प्राणिसृष्टी आज 'वारली' म्हणून ओळखली जाते, ती मुख्यतः या कागदावर विस्तारली.

चौकातील प्रमुख प्राणी घोडा आहे, हे येथे लक्षणीय ठरते. भातशेती आणि जंगल यांवर जगणाऱ्या वारल्याच्या दैनंदिन जीवनात घोड्याला फारसे स्थान नव्हते. घोडा सत्ताधाऱ्याचा, राजाचा, देवाचा. ज्या वाघाशी वारल्याचा प्रत्यक्ष संबंध आला, त्या वाघाला चौकापेक्षा वेशीवरच्या आणि रानातल्या लाकडी-दगडी फळ्यांवर वाघदेव म्हणून स्थान मिळाले आणि वाघबारशीला त्याची पूजा होते. पाहिलेला प्राणी चित्रात उतरतो, हा साधा सिद्धान्त येथेही टिकत नाही. हान फेईच्या हत्तीप्रमाणे चौकातील घोडाही समोर नसलेल्याला उभे करण्याचे साधन आहे.

मग हे लेखन का नव्हे? शांगकालीन हाडेही विधीतच कोरली गेली होती, हे खरे. परंतु त्या हाडांवर दिवसाची गणना आहे, शकुन पाहणाऱ्याचे नाव आहे, विचारलेले वाक्य आहे, क्वचित पुढे काय घडले याचीही नोंद आहे. विधी संपल्यावर, तेथे हजर नसलेल्या कोणालाही ते वाक्य परत मिळवता येते. म्हणूनच तीन हजार वर्षांनी ते वाचता आले. चौकाचे तसे नाही. धवलेरीची गाणी चौकात लिहिलेली नसतात आणि चौकावरून ती गाणी परत मिळत नाहीत. दोन्ही शेजारी-शेजारी असतात. एक दुसऱ्याची नोंद नसते. पुढच्या लग्नाला नवा चौक लिहिला जातो, जुना सारवणाखाली जातो. छोटा उदेपूर परिसरातील राठव्यांच्या पिठोरा चित्रांशी तुलना केली तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तेथे चित्रकाराला 'लखारा', म्हणजे लिहिणारा, असे नाव आहे आणि चित्र पूर्ण झाल्यावर बडवा त्यातील घोड्यांची व देवतांची ओळख पटवून ते जणू 'वाचतो'. तरीही ते वाचन बडव्याच्या अधिकारावर आणि स्मरणावर उभे असते, चित्रातून कोणालाही मिळणाऱ्या वाक्यावर नव्हे.

याच ओघात वारली चित्रकला हजारो वर्षे जुनी असल्याच्या लोकप्रिय दाव्याचाही विचार करावा लागतो. हा दावा भीमबेटका आदी ठिकाणच्या गुहाचित्रांशी असलेल्या साम्यावर उभा आहे. पिठाने लिहिलेली भिंत काही वर्षांपलीकडे टिकत नाही. तेव्हा मधल्या काळाचा पुरावा मिळणे कठीणच. साम्यावरून वंशावळ सिद्ध होत नाही, हे कांजीच्या चार ठिपक्यांनी पुरेसे दाखवले आहे.

६

तथापि 'लिहिणे' हा शब्द केवळ अलंकारिक म्हणून सोडून देता येत नाही. संस्कृतातील 'लिख्' धातूचा मूळ अर्थ ओरखडणे, रेघ मारणे असा आहे. चित्राला 'आलेख्य' म्हणतात. 'शाकुंतला'च्या सहाव्या अंकात दुष्यंत शकुंतलेचे जे चित्र काढतो, त्यासाठीही याच धातूचे रूप येते. उषेच्या सखीचे नाव चित्रलेखा आहे ते उगाच नाही. ग्रीकमधील 'ग्राफीन' या क्रियापदालाही ओरखडणे, रेखणे आणि लिहिणे हे तिन्ही अर्थ आहेत. जपानी उदाहरण तर या चर्चेला थेट भिडते. जपानीत 'काकु' या एकाच उच्चाराचे लिहिणे, चित्र काढणे आणि ओरखडणे असे तीन अर्थ होतात. बोलताना ते एक आहेत. कांजीने लिहिताना मात्र तिन्हींसाठी वेगळी अक्षरे वापरावी लागतात. बोलीने जे एकत्र ठेवले, ते लिपीने विभागले. मराठीतही तेच घडले: प्रमाण भाषेत चित्र 'काढले' जाऊ लागले आणि 'लिहिणे' अक्षरांपुरते उरले. वारली बोलीने जुनी अविभक्त अवस्था जपली. चौक ही लिपी असल्याचा पुरावा या शब्दात नाही. लिपी वेगळी होण्यापूर्वी रेघ ओढण्याच्या कृतीला जे विस्तृत क्षेत्र होते, त्याची स्मृती त्यात आहे.

हा भेद काटेकोरपणे करण्याचे कारण केवळ पारिभाषिक शुद्धतेचे नाही. ज्या विवाहात चौक लिहिला जाई, त्याच विवाहासाठी वारल्याला जमीनदार-सावकाराकडून कर्ज घ्यावे लागे आणि त्या कर्जापोटी नवरा-बायको त्याच्या घरी राबत. 'लग्नगडी' हा शब्द या पद्धतीतून आला. डहाणू, उंबरगाव भागातील वेठ आणि लग्नगडी पद्धती यांविरुद्ध १९४५ साली किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी उठाव केला. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्याच्या अग्रभागी होते आणि गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० सालच्या पुस्तकाने तो इतिहास मराठी वाचकांपर्यंत पोहोचवला. एका लग्नात अशी दोन लेखने होत. एक भिंतीवर, सवाशिणींच्या हातचे, देवतेला बोलावणारे; दुसरे सावकाराच्या वहीत, वारल्याला न वाचता येणारे आणि त्याला आयुष्यभर बांधणारे. पहिले पुढच्या सारवणात पुसले जाई, दुसरे पुसले जात नसे. अनुपस्थित माणसालाही बांधून ठेवण्याची लेखनाची जी शक्ती शांगकालीन हाडांनी दाखवली, ती वारल्याच्या वाट्याला वहीच्या रूपाने आली.

चौकाला 'चित्रलिपी' म्हणण्यातील गौरव म्हणूनच फसवा ठरतो. ज्या समाजाला खऱ्या लिपीपासून दूर ठेवून लुटले गेले, त्याच्याजवळ त्याची स्वतःची लिपी होतीच, असे सांगून तो गौरव त्या लुटीचा इतिहास झाकतो. शिवाय लिपी हा मानवी अभिव्यक्तीचा सर्वोच्च टप्पा आहे आणि चित्राला प्रतिष्ठा हवी असेल तर त्याने लिपी असल्याचे सोंग घेतले पाहिजे, हे गृहीतकही त्यात दडलेले आहे. भारतीय जनगणनेच्या व्याख्येनुसार सात वर्षांवरील जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून वाचू आणि लिहू शकते, ती साक्षर. चौक लिहिणारी स्त्री या व्याख्येत बसत नाही. व्याख्या तिच्या हेतूपुरती बरोबर आहे, कारण चौक कोणत्याही एका भाषेला बांधलेला नाही. चूक होते ती या व्याख्येतून त्या स्त्रीच्या ज्ञानाविषयी निष्कर्ष काढला जातो तेव्हा. आणि व्याख्या चुकीची आहे असे भासवून चौकालाच साक्षरतेचे प्रमाणपत्र दिले जाते तेव्हाही.

कांजीच्या अभ्यासातून वारली चित्राच्या अभ्यासकाला घेता येईल ती दृष्टी अशी: आकृती कशासारखी दिसते, या प्रश्नाआधी ती कोणत्या व्यवहारात काम करते, हा प्रश्न विचारावा. शेपटीवर उभा राहिलेला घोडा ओळीत बसून वाक्याचा भाग झाला, तेव्हा त्याने घोड्यासारखे दिसण्याचा हक्क हळूहळू सोडून दिला आणि त्या बदल्यात दूरच्या, न पाहिलेल्या वाचकापर्यंत जाण्याची शक्ती मिळवली. पंचशिऱ्याच्या घोड्याने हा सौदा केला नाही. तो आपल्या भिंतीवर, आपल्या लग्नात, त्या दिवसाच्या गाण्याजवळ राहिला. कागदावर उतरून तो पॅरिसला आणि तोकामाचीला गेला, तेव्हा त्याच्यासोबत धवलेरीचे गाणे गेले नाही आणि चौक लिहिणाऱ्या स्त्रियांची नावेही बहुधा गेली नाहीत. वारली चित्राचा जो इतिहास आजवर लिहिला गेला, तो मुख्यतः कागदाचा इतिहास आहे. भिंतीचा इतिहास लिहायचा असेल, तर धवलेरींची गाणी त्यांच्या बोलीत, चौकाच्या संदर्भासह आणि गाणाऱ्या-लिहिणाऱ्या स्त्रियांच्या नावानिशी नोंदवणे हे त्याचे पहिले काम ठरेल. ते देवनागरीतच होईल आणि वारली मुलामुलींच्या हातून झाले, तर त्या बोलीतील 'लिहिणे' या क्रियापदाचे दोन्ही अर्थ प्रथमच एका हाती येतील.